भोंगाताईचा व्हॉल्व्ह

तिचा आवाज लहानपणापासून घरात मावत नसे. पुढच्या खोलीत ही बोलली की मागच्या दोरीवरचे कपडे हलतात, असं तिची आई म्हणायची. शाळेत बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं, तर पहिल्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवायला लागल्या. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव भोंगा पाडलं. पुढं लग्न झालं, लेक झाली, लेक शिकायला बाहेरगावी गेली, केसांत चांदी आली, तरी ते नाव काही सुटलं नाही. वयाच्या मानानं त्याला फक्त एक ‘ताई’ चिकटली. भोंगाताई.

‘हळू बोल’ हे दोन शब्द तिनं जितक्या वेळा ऐकले असतील तितक्या वेळा स्वतःचं खरं नावही ऐकलं नसेल. मामा तर तिच्यासमोरच आईला विचारायचा, “हिचं सासरी कसं व्हायचं?” सासरी झालं भलतंच. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. घरात कोण काय बोलतं ते त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. ही सून आली आणि त्यांना पहिल्यांदा घर ऐकू यायला लागलं. “इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी नीट बोललं असेल तर ही,” असं त्या शेजारणीला सांगायच्या. नवरा मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवायचा. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळं त्याला बोलायची फारशी सवयच नव्हती. जोडा झकास जमला.

ती शाळेची बस चालवायची. सकाळी मुलं पोचवायची, दुपारनंतर घरी आणून सोडायची. मधला वेळ तिचा. तो ती भावाच्या गॅरेजमध्ये घालवायची. खरं तर गॅरेज वडिलांचं. भावाच्या आधी हातात पाना धरला तो हिनंच. पण वडील थकले तेव्हा किल्ल्या दादाच्या हातात गेल्या. कुणी तिला विचारलं नाही, आणि भांडभांड भांडणारी ही बाई त्या एका वेळी गप्प बसली. आपण का गप्प बसलो, हे तिला पुढं कधीच समजलं नाही. दादा माणूस चांगला होता, तिच्यावर त्याचा जीव होता, म्हणून बहुतेक.

गॅरेजच्या मागं, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी, एक लहानशी टर्बोवाली गाडी बरीच वर्षं पडून होती. दरवाजे गंजलेले, सीटांत उंदरांनी बिऱ्हाड केलेलं. मालक परत आलाच नव्हता आणि गाडी दादाच्या गळ्यात पडली होती. एक दिवस भोंगाताई म्हणाली, “दादा, ही मी नेते.”

“ने बाई. जागा तरी मोकळी होईल.”

ती गाडी तिनं सगळ्या दुपारी खर्चून उभी केली. पत्रा ठोकला, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. नवऱ्यानं सीटा शिवल्या, त्याही त्याच्याकडं उरलेल्या कापडाच्या. एक निळी झाली आणि एक चॉकलेटी. ज्या दिवशी गाडी सुरू झाली त्या दिवशी प्रश्न आला व्हॉल्व्हचा.

टर्बो म्हणजे तसा एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो गरगरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. जितकी जास्त हवा तितकी ताकद. पण चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाचं दार बंद होतं आणि कोंबलेल्या हवेला जायला जागा उरत नाही. ती उलटी फिरते आणि गरगरणाऱ्या पंख्यावर येऊन आदळते. पंख्याचे असे हाल होऊ नयेत म्हणून मध्ये व्हॉल्व्ह बसवतात. तो ऐन वेळी उघडतो आणि अडकलेल्या हवेला वाट देतो. कंपनीचा व्हॉल्व्ह ती हवा गुपचूप पुन्हा पंख्याआधीच्या पाइपात सोडतो, कुणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या जातीचा असतो तो हवा सरळ बाहेर फेकतो, आणि फेकताना असा आवाज करतो की रस्त्यावरचं माणूस वळून बघतं. फिस्स्स!

“हा कंपनीचा बसव,” दादा म्हणाला. “ताकद दोन्हीत सारखीच. बाहेर सोडणाऱ्यानं गाडी काही जास्त पळत नाही.”

“माहितेय मला.”

“काही गाड्या त्यानं आचके देतात. आत घेतलेली हवा त्यांनी आधीच मोजलेली असते, त्यातली बाहेर सोडली की पेट्रोलचा मेळ बसत नाही.”

“माझी गाडी तशी नाही. ही इंजिनापाशी दाब मोजते. हिला चालतो.”

“पण मग हवाय कशाला?”

“आवाजासाठी.”

दादानं तिच्याकडं बघितलं. तिनं उघडा व्हॉल्व्ह बसवला, गाडी गल्लीतून एकदा वर नेली आणि कोपऱ्यावर पाय उचलला. फिस्स्स! एकटीच असून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचली तर सासूबाई दारात उभ्या.

“काय गं, गाडीला शिंका येतात का तुझ्या?”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“पार नाक्यापासून!” सासूबाईंचा चेहरा असा खुलला होता, जणू काही त्यांच्याच नावानं कुणी हाक मारली होती.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती आणि खाणीकडं चढत जाणारा वळणावळणाचा रस्ता. मोटारींची आवड असलेल्या लोकांनी एक क्लब काढला होता, तो अधूनमधून रविवारी हा रस्ता अडवून शर्यत घ्यायचा. एकेक गाडी खालून सोडायची आणि वर किती वेळात पोचते ते बघायचं. भोंगाताईनं नाव घातलं. दोन रंगांच्या सीटा बघून लोक हसले. मग ती निघाली. प्रत्येक वळणावर डोंगराच्या अंगानं तिचा व्हॉल्व्ह फिस्कारत गेला, आणि खाली उभ्या माणसांना गाडी दिसत नसली तरी कुठं आहे ते कळत राहिलं. ती चौथी आली. क्लबच्या अध्यक्षांचा पुतण्या पाचवा आला.

पुढच्या शर्यतीच्या आधी क्लबच्या फळ्यावर नवा नियम लागला. आवाजाच्या तक्रारी येत असल्यानं हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह चालणार नाही. खाली बारीक अक्षरात पुस्ती होती: आधीपासून सभासद असलेल्यांच्या गाड्यांना सूट.

क्लबची बैठक टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. भोंगाताई बस लावून सरळ तिथं गेली. अध्यक्ष पूर्वी इमारती बांधायचे, आता सभा चालवायचे. तिला बघून त्यांनी खुर्ची पुढं केली.

“बाई, मनाला लावून घेऊ नका. नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“सगळ्यांना? मग तुमच्या पुतण्याच्या गाडीचा व्हॉल्व्ह मागच्या रविवारी काय सर्दीनं फुसफुसत होता?”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “त्याची गाडी जुनी सभासद आहे. सूट आहे तिला. आणि हे बघा, इथं ओरडायचं काही कारण नाही.”

“मी ओरडत नाही. हा माझा बोलण्याचा आवाज आहे.”

“तेच म्हणतोय मी. जरा हळू.”

खोलीतल्या माणसांत ओळखीचे चेहरे होते. काहींच्या मुलांना ती रोज शाळेत पोचवत होती. त्यांतला एकही बोलला नाही. भोंगाताईनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

“तक्रार कुणी केली ते तरी सांगा. खाणीशेजारी राहतं कोण? घुबडं?”

“तक्रार कुणाची ते महत्त्वाचं नाही,” अध्यक्ष म्हणाले. “कंपनीचा व्हॉल्व्ह बसवा आणि खुशाल या. कुणी अडवणार नाही तुम्हाला.”

दादाचंही तेच म्हणणं पडलं. “अर्ध्या तासाचं काम आहे. मी बसवून देतो. गाडी तीच, ताकद तीच. काय बिघडतं?”

“काहीच बिघडत नाही.”

“मग?”

“काहीच बिघडत नाही म्हणूनच तर सगळे सांगतात, दादा. हळू बोललीस तर काय बिघडतं? मागं बसलीस तर काय बिघडतं? गॅरेज त्याच्या नावावर झालं तर काय बिघडतं?”

शेवटचं वाक्य तोंडातून निघाल्यावर तिलाच धक्का बसला. दादा हातातल्या फडक्याला हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. मग म्हणाला, “ते तू कधी बोलली नाहीस.”

“आता बोलले.”

दादानं फडकं बाकावर टाकलं. त्यानं विचारलं, “मग काय करणारेस? शर्यत सोडणार?”

“सोडतेय कशाला! व्हॉल्व्हच काढून टाकते. भोक बुजवते. बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह चालत नाही ना त्यांना? व्हॉल्व्ह नसलेली गाडी चालत नाही असं कुठं म्हटलंय?”

दादानं कपाळावर हात मारला. “अगं, मग सगळी हवा पंख्यावर आदळेल! दरवेळी पाय उचललास की फडफड, फडफड. टर्बो खाऊन टाकशील.”

“आणि पाय उचललाच नाही तर?”

दादा वाकून पुन्हा इंजिनात बघायला लागला.

बेत सोपा होता, करणं अवघड. गिअर बदलताना पाय उचलावा लागतो, तर टर्बो जागा व्हायच्या आत, हळू वेगातच, पटापट तिसरा गिअर टाकायचा आणि मग वरपर्यंत त्याच गिअरमध्ये राहायचं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलका करायचा पण पुरता उचलायचा नाही. आणि ब्रेक लावायचा तो डाव्या पायानं. आता डावा पाय आयुष्यभर क्लच दाबत आलेला. त्याला एकच भाषा येते, ती म्हणजे तळापर्यंत दाबायची. ब्रेकवर तो तसाच पडला की गाडी जागच्या जागी गुडघे टेकते.

खाणीच्या मोकळ्या मैदानात तिनं सराव सुरू केला. शेजारी नवऱ्याला बसवलं. पहिल्याच ब्रेकला त्याचं कपाळ जवळजवळ काचेला टेकलं. दुसऱ्याला त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. तिसऱ्यानंतर तो खाली उतरला.

“काय झालं, अहो?”

“काही नाही. तुला उशी शिवून आणतो. मला नाही, तुला. पाठीला आधार हवा. शरीर पुढं सरकतं म्हणून पाय जोरात पडतो.”

त्याचं म्हणणं खरं निघालं. उशीनं निम्मं काम झालं. उरलेलं सासूबाईंनी केलं. त्या हट्टानं गाडीत बसल्या, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं घेतलं आणि म्हणाल्या, “सांडलंस तर मी भिजेन, आणि मी भिजले तर आजारी पडेन, आणि आजारी पडले तर तुझ्याच हातचं खाईन. बघ बाई.” पहिल्या दिवशी त्या चिंब भिजल्या. दुसऱ्या दिवशी पदर भिजला. मग हळूहळू नुसती बोटं.

एक गोष्ट मात्र पातेल्यानं सुटेना. ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेक लावला की तीनचार वेळांत ब्रेकचा पेडल दगडासारखा व्हायचा. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनाच्या ओढीवर मिळते, आणि ती ओढ पाय उचलल्यावरच तयार होते. साठलेली संपली की पुढं फक्त आपल्या पायाचा जोर. दादानं हे सांगितलं तेव्हा तो रागातच होता, पण सांगायला तो स्वतःहून मैदानात आला होता.

“मग जपून वापरीन,” ती म्हणाली.

“आणि शेवटचं वळण? ते सगळ्यात वाईट आहे.”

“शेवटच्याला उभी राहीन ब्रेकवर. इतकी वर्षं बस चालवतेय, पायात काय लोणी आहे?”

शर्यतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. तपासणीला स्वतः अध्यक्ष आले. झाकण उघडलं, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

“व्हॉल्व्ह कुठंय?”

“काढला. तुम्हीच म्हणालात ना, नको म्हणून.”

“अहो, पण कंपनीचा तरी...”

“नियमात तसं आहे का? असेल तर वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, सासूबाईंना ऐकू येत नाही.”

सासूबाई शेजारीच काठी टेकून उभ्या होत्या. अध्यक्षांनी झाकण खाली सोडलं. तपासणीच्या माणसानं टोपी सावरून गाडीवर हिरवा कागद चिकटवला.

ती सुटली ती शांतपणे. खालच्या लोकांना वाटलं, गाडीत काहीतरी बिघडलंय. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर आईनं झोपल्या बाळाला एका मांडीवरून दुसरीवर घ्यावं तसे पडले. मग टर्बो जागा झाला आणि पाठ उशीत रुतली. पहिल्या वळणावर डाव्या पायानं ब्रेक हलकेच चाखला, उजवा दाबलेलाच. गाडीचं नाक वळणात शिरलं आणि पंखा एका क्षणासाठीही ढिला न पडता फिरत राहिला. वळणातून बाहेर पडताना इतरांच्या गाड्या जिथं दम घेतात तिथं हिची आधीच सुसाट होती. हे तिला अपेक्षित नव्हतं. तिनं हे सगळं केलं होतं नियमाला अंगठा दाखवायला, आणि इथं गाडी खरोखरच जास्त पळत होती. ती गाडीत एकटीच मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते तिलाच आठवत नाही.

खाणीच्या कठड्याजवळ रस्त्यावर खडी सांडलेली होती. आधीची गाडी घसरून गेली असावी. मागचं चाक घसरलं तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. उजवा पाय आपोआप उचलला गेला. आणि डोंगरभर आवाज घुमला, फडफडफडफड, जणू पत्र्याच्या छपराखालून कबुतरांचा थवा एकदम उठला. खाली दादानं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या वळणावर ब्रेक दगड झाला होता. ती खरंच उभी राहिली त्यावर; सीटवरून उठली, खांदे छताला लागले, आणि गुडघ्यातून कळ मस्तकापर्यंत गेली. गाडी वळणाबाहेर जाता जाता आत आली. एक चाक मातीत उतरलं, पुन्हा रस्त्यावर चढलं, आणि शर्यत संपल्याचा पांढरा पट्टा मागं पडला.

ती दुसरी आली. पहिला आला तो परगावचा एक माणूस, तो खरंच भारी चालवत होता. पुतण्या सातवा. वर सगळे जमले तेव्हा भोंगाताई लंगडत उतरली. अध्यक्ष हात पुढं करून आले. “अभिनंदन, बाई. बघा, आवाज न करताही जमतं की.”

तिनं त्यांचा हात धरला नाही. पुन्हा गाडीत बसली, उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि पाय उचलला. उभ्या गाडीत टर्बोला दाब धरत नाही, त्यामुळं नुसतंच केविलवाणं फुर्र झालं. लोक हसले. मग ती खिडकीतून बाहेर झुकली आणि स्वतःच्याच आवाजात म्हणाली, “हा कमी पडला, म्हणून मीच सांगते. नियम करायचा तर तुमच्या पुतण्यालाही करा. नाहीतर पुसा तो फळ्यावरून. आणि मला हळू बोल म्हणून सांगायचं आता कुणी धाडस करू नका. मी दमलेय.”

ज्या लोकांच्या मुलांना ती शाळेत पोचवायची, त्यांतल्या एका बापानं खाली बघत का होईना, म्हटलं, “बरोबर आहे त्यांचं.” मग दुसऱ्यानं. पुढच्या बैठकीत सूट काढली गेली. आणि सूट गेल्यावर पुतण्याला स्वतःचा व्हॉल्व्ह काढायची पाळी आली, तसा तो नियमच कुणाला आवडेनासा झाला. महिन्याभरात फळा कोरा. अध्यक्ष अजून तिच्याशी बोलत नाहीत. तिला त्याचं काही वाटत नाही.

दादानं टर्बो उतरवून टेबलावर घेतला तेव्हा ती समोर स्टुलावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला पट्टी बांधून. पंख्याच्या पात्यांवर काही झालेलं नव्हतं, पण दांडा बोटानं हलवला तर किंचित खेळत होता.

“दगावला नाही,” दादा म्हणाला. “पण पहिल्यासारखा राहिलेला नाही. बेअरिंग बदलतो.” थोड्या वेळानं खाली बघतच तो म्हणाला, “बाहेरच्या पाटीवर तुझंही नाव घालू म्हणतो. बाबांनीच घालायला हवं होतं.”

भोंगाताईनं पट्टी घट्ट केली. टेबलावरचा पाना उचलून तिनं हातात तोलून बघितला.

“घाल,” ती म्हणाली. “पण माझं आधी. पाना मी आधी धरलाय.”